बिबट्या दाखवणारं घर: फणसाडच्या कडेचं एक प्रकरण

हे प्रकरण रायगड जिल्ह्यातलं, फणसाड अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातलं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे बारकावे काढून टाकले आहेत. घटनाक्रम जसा घडला तसाच ठेवला आहे. किनारपट्टीवर घरगुती निवास चालवणाऱ्यांना हिशेब, नोंदणी, स्वच्छता अशा कामांत आम्ही हातभार लावतो. त्यातूनच हे आमच्याकडे आलं. घरमालकांना इथं काका म्हटलं आहे, त्यांच्या पत्नीला काकी. तिसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे त्यांचा मुलगा.

पार्श्वभूमी

फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं रान. 1986 साली ते अभयारण्य झालं. मुरूड-रोह्याच्या डोंगरांत पसरलेलं हे जंगल समुद्रापासून इतकं जवळ आहे की सकाळी काशीदच्या वाळूत असलेला माणूस दुपारी ऐन-किंजळाच्या सावलीत असतो. झाडांवर गारंबीच्या दंडाएवढ्या वेली. रानातल्या पाणवठ्यांना इथली माणसं गाण म्हणतात, आणि उन्हाळ्यात सगळं रान त्या गाणींभोवती गोळा होतं. बिबट्या आहे, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, वानर आहेत, आणि आपला राज्यप्राणी शेकरू तर आहेच.

पण हे रान ताडोबासारखं नाही. गाडीत बसून वाघाची वाट बघावी, तो रस्त्यावर यावा, असं इथं होत नाही. झाडी दाट, नजर वीस पावलांपलीकडे जात नाही. दिवसभर फिरलात तर दिसेल थोडं, ऐकू येईल पुष्कळ. बिबट्या तर बहुतेक रात्रीच हलतो. इथं वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांनाही तो मोजक्याच वेळा दिसलेला असतो. पुढं जे घडलं त्याचं मूळ यातच आहे.

काकांची नारळ-सुपारीची वाडी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दोन-तीन तासांत निम्म्याहून जास्त पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर हाताशी पीक यायला पाच-सहा वर्षं. मुलगा पनवेलला गोदामात कामाला होता. टाळेबंदीत ते काम गेलं होतं. वाडीच्या वरच्या टोकाला रानाकडे तोंड करून राखणीचं एक जुनं घर होतं. चिऱ्याच्या भिंती, मधे कुडाची आडभिंत, वर मंगलोरी कौलं, शेणानं सारवलेली जमीन, पुढं ऐसपैस पडवी. मुलानं तेच घर भाड्यानं द्यायचं ठरवलं. पतसंस्थेतून कर्ज काढून मागं संडास-न्हाणी बांधली, घरापासून वीसेक पावलांवर. घराला रात्रीचे 3,000 रुपये, जेवणाचे वेगळे.

पहिलं वर्ष बरं गेलं, ते मुख्यतः काकींच्या हातामुळे. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, आणि थंडीत पोपटी. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी मडक्यात भरून जाळावर उलटी ठेवली की शहरातला माणूस तासभर त्या मडक्याभोवतीच बसून राहतो. दुसऱ्या कसल्या करमणुकीची गरज नसते.

अडचण कुठून सुरू झाली

जाहिरातीत मुलानं एक ओळ घातली होती: 'बिबट्याच्या वाटेवरचं घर'. ओळ खोटी नव्हती. वाडीच्या वरच्या अंगाला ठसे अधूनमधून मिळायचे. पण पाहुणे ती ओळ वाचून यायचे आणि सकाळी चहाला बसले की पहिला प्रश्न, 'मग बिबट्या?' अभिप्रायांत जेवणाला पाच तारे आणि खाली 'प्राणी मात्र काहीच दिसले नाहीत'. मुलाला हे लागायचं. आमच्या मते इथं पहिला निर्णय घ्यायला हवा होता, तो म्हणजे ती ओळ काढून टाकण्याचा. त्यानं उलटं केलं. ओळ खरी करून दाखवायची ठरवलं.

सुरुवात पोपटीच्या उष्ट्यापासून झाली. हाडं, कातडं कुंपणापलीकडच्या कातळावर टाकलेलं होतं. पहाटे एका पाहुण्याला तिथं कोल्हा दिसला, त्यानं फोटो काढला आणि जाताना पाचशे रुपये हातावर ठेवले. पुढच्या आठवड्यात कातळावर मुद्दाम उष्टं गेलं, रानडुकरं आली. मग बाजारातल्या कोंबडीवाल्याशी बोलणं झालं. त्याला रोजची पिसं, आतडी, पाय कुठंतरी टाकायचेच असायचे. तो गोणी भरून फुकट द्यायला लागला. कातळाच्या बाजूच्या आंब्याला पिवळा दिवा टांगला गेला. पडवीत अंधार करून बसलं की समोर पडदा लावल्यासारखं सगळं दिसायचं. महिनाभरात बिबट्या आला. दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ फोनाफोनी फिरला, आणि घराचं भाडं 3,000 वरून 5,500 वर गेलं. तरी शनिवार-रविवार दोन महिने आधी भरायला लागले.

काकांना हे पटत नव्हतं, पण ते गप्प राहिले. का, असं नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, 'वादळानंतर पहिल्यांदाच घरात हप्त्याची चिंता नव्हती.' यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

बाकीच्या गोष्टी मागून उघड होत गेल्या. कोंबडीच्या वासानं गावातली मोकाट कुत्री रोज संध्याकाळी वर चढायला लागली, आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाद्य. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथल्या बिबट्यांचं पोट बऱ्याच अंशी वस्तीतल्या कुत्र्यांवर चालतं. कातळावरची आतडी हे निमित्त होतं, जनावर टिकून राहिलं ते कुत्र्यांमुळे. पूर्वी पंधरा दिवसांतून एखादी रात्र येऊन जाणारा बिबट्या आता रोज वाडीच्या आसपास होता. जानेवारीत आदिवासीवाडीवरची एक शेळी गेली. मग शेजारच्या गोठ्यात वासराला ओरबाडलं. गावानं आधी याचा संबंध त्या घराशी जोडला नाही. जोडला तो पोलीस पाटलांनी. ओढ्याच्या वाटेवर त्यांना बॉयलर कोंबड्यांची पांढरी पिसं पडलेली दिसली. गावात पांढऱ्या कोंबड्या कुणीच पाळत नाही.

ती रात्र

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला शनिवार. ठाण्याचं कुटुंब: नवरा-बायको, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं, आणि आजी. पैसे भरण्याआधी त्यांनी फोनवर विचारलं होतं, 'नक्की दिसेल ना?' मुलानं सांगितलं होतं, 'नव्वद टक्के.'

रात्री साडेदहाला सगळे पडवीत अंधारात बसले होते. घरचा कुत्रा एरवी मोकळा असायचा, पण तो भुंकून जनावर पळवतो म्हणून मुलगा त्याला पाहुणे असताना पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबाला साखळीनं बांधायचा. सगळ्यांचे डोळे समोरच्या कातळावर. बिबट्या कातळाकडे गेलाच नाही. तो मागून, संडासाच्या पायवाटेनं आला. मुलांच्या वडिलांनी आम्हाला सांगितलं ते असं: आधी साखळी ताणल्याचा आवाज आला, मग एक झटका, आणि पट्टा बकलासकट जमिनीवर आपटला. कुत्रा ओरडलाही नाही. नंतर आम्ही तो खांब पाहिला. साखळीनं लाकडावर बोटभर खोल चर पाडला होता. पट्ट्याचं चामडं बकलाजवळ फाटलेलं.

कुत्रा गेल्याचं दुःख सगळ्यांनाच होतं, पण त्या कुटुंबाला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आजी पाचच मिनिटांपूर्वी त्याच पायवाटेनं संडासाहून परत आल्या होत्या.

इथं दुसरा निर्णय. वडिलांना त्याच क्षणी निघायचं होतं. गाडी खाली, वाडीच्या तोंडाशी. मधे दोनशे पावलांची अंधारी पायवाट, दोन्ही बाजूंना पोफळी. मुलगा म्हणाला, बॅटरी घेऊन मी पुढं चालतो. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून काका खालून चार-पाच जणांना घेऊन, डबे वाजवत वर आले. त्यांनी साफ सांगितलं की उजाडेपर्यंत कुणी घराबाहेर पडायचं नाही. दार लावलं, आत बादली ठेवली, पडवीतला दिवा लावला आणि ते स्वतः दोघांना घेऊन पडवीत जागत बसले. आमच्या मते त्या रात्रीतला हा एकमेव बरोबर निर्णय होता. शिकार तोंडात धरलेला बिबट्या बरेचदा लांब जात नाही, जवळच्याच आडोशाला बसतो. अशा वेळी सहा वर्षांच्या पोराला अंधारातून चालवत नेणं म्हणजे नको तो धोका. वडिलांना तेव्हा हे पटलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्याला अडकवून ठेवतायत. सकाळी सात वाजता ते निघाले, चहाही न घेता. दुपारी फोन आला: सगळे पैसे परत हवेत, शिवाय नुकसानभरपाई, नाहीतर तक्रार करणार.

सोमवारी गावात बैठक बसली. गावाची मागणी एकच, पिंजरा लावा आणि बिबट्या उचला.

समोर असलेले पर्याय

काकांच्या एका नातेवाइकामुळे आम्ही या टप्प्यावर आलो. वाडीत बसून तीन तास बोलणं झालं. मुलगा आधी हिरिरीनं, नंतर खाली मान घालून बोलत होता.

पिंजऱ्याचा प्रश्न पहिला निकालात निघाला, कारण तो निर्णय गावाचा नाही आणि घरमालकाचाही नाही. बिबट्या पकडायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ती माणसाला धोका असल्याचं दिसल्याशिवाय मिळत नाही. समजा मिळाली, तरी जुन्नरचा धडा आहे. तिथं 2001 नंतरच्या काळात बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले, आणि जिथं सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचं नंतर अभ्यासात दिसलं. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच. कातळावर कोंबडी पडत राहिली तर लवकर येईल, इतकंच.

मुलाच्या मनात होता तो पर्याय म्हणजे पडवीला लोखंडी जाळी. पाहुणे आत, जनावर बाहेर, धंदा चालू. खर्चाचा अंदाजही त्यानं काढला होता. त्याला वाटत होतं की कायदा अभयारण्याच्या हद्दीच्या आत लागतो आणि कातळ तर हद्दीबाहेर, त्यांच्याच सातबाऱ्यावर आहे. इथं त्याला कायदा वाचून दाखवावा लागला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारणं, पकडणं यांच्याबरोबर आमिष दाखवणंही येतं, आणि शिकारबंदी हद्दीच्या आतबाहेर बघत नाही. बंदूक लागत नाही, गोणीभर आतडी पुरतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'पण मी तर त्याला खायला घालत होतो.'

तिसरा पर्याय शेजारच्या गावातून आला होता. एकाकडे उघडी जीप होती. हद्दीबाहेरच्या रस्त्यावरून रात्री सर्चलाइट मारत फिरवायचं, माणशी पैसे घ्यायचे, निम्मे निम्मे. काकांनी हा प्रस्ताव ऐकताच उडवला, आणि कारण कायद्याचं नव्हतं. म्हणाले, 'नवाबाच्या वेळी माझा आजा शिकारीसाठी रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांत होता. तेव्हा मशाली होत्या, आता हा दिवा.'

घर बंद करणं हा चौथा. काकींना तेच हवं होतं. पण संडासाचं कर्ज डोक्यावर होतं, आणि मुलगा परत पनवेलला गेला असता. वाडीत नवी पोफळ लावायला, शिंपायला माणूस कोण?

उरला तो पाचवा. खाणं घालणं पूर्ण थांबवायचं आणि दिवसाचं रान दाखवायचं. काकांची शंका रास्त होती. 'शेकरू म्हणजे शेवटी खारच. खार बघायला ठाण्याहून कोण येणार?'

काय केलं

सगळ्यात आधी काकी आदिवासीवाडीवर गेल्या आणि शेळीचे पैसे देऊन आल्या. आम्ही याचा सल्ला दिला नव्हता. खरं तर आम्ही म्हणणार होतो की पंचनामा झाला आहे, शासनाची भरपाई येईल, थांबा. त्या थांबल्या नाहीत. 'भरपाई सरकारची, चूक आमच्या पोराची,' एवढंच म्हणाल्या. पुढं गावाशी जे काही बोलणं झालं ते यामुळे सोपं गेलं, यात शंका नाही.

मग सगळ्यात अवघड प्रश्न. वनखात्याला सांगायचं का? सांगितलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं. न सांगावं तर गाव पिंजऱ्यासाठी अडून बसणार आणि खरं कारण कुठंच नोंदलं जाणार नाही. आम्ही वकिलाला विचारून घ्या म्हणालो, त्यांनी विचारलं. मुलगा वडिलांबरोबर कार्यालयात गेला आणि स्वतःहून सगळं सांगितलं. त्याचा जबाब नोंदवला गेला, लेखी समज मिळाली, पुन्हा घडलं तर काय होईल हेही ऐकवलं गेलं. प्रत्येक ठिकाणी एवढ्यावर निभावेल असं कुणी धरून चालू नये. पण वनरक्षकाला जेव्हा नेमकं कळलं की कातळावर काय, किती आणि किती दिवस पडत होतं, तेव्हाच त्याला काही उपयोगाचं सांगता आलं.

त्याचं सांगणं साधं होतं. दिवा काढा, गोणी बंद करा, कातळ धुवून काढा, कोंबड्या आणि कुत्री रात्री बंदिस्त ठेवा. आणि रोज संध्याकाळी पायवाटेवर चुलीतली राख चाळून पातळ पसरा, सकाळी उठून बघा. हे राखेचं काम मुलानं नेटानं केलं. पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज ठसा: चार बोटं, मागं गादी, नखं उमटलेली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एक-दोन दिवसांचा खंड पडायला लागला. तिसऱ्यात बहुतेक कोल्हे आणि कुत्री, म्हणजे नखांचे ठसे. कुत्री सगळ्यात शेवटी हटली. गावात तीन पिल्लावळी होत्या. त्यांचं काय करायचं हा प्रश्न ग्रामपंचायतीकडे गेला आणि तिथंच आहे.

हे चालू असताना घर भाड्यानं दिलं नाही. मार्चचे सगळे शनिवार-रविवार भरलेले होते. मुलगा म्हणत होता की कुत्रा नाही, कोंबडी नाही, मग पाहुण्यांना धोका काय? आम्ही राखेकडे बोट दाखवलं. ज्या वाटेवर रोज ठसा उमटतो तिथून रात्री पाहुणा संडासाला जाणार असेल तर घर बंदच ठेवायला हवं. सगळ्यांना फोन करून पैसे परत केले. ठाण्याच्या कुटुंबाला मुक्कामाचे पूर्ण पैसे परत दिले, जेवणाचेही. वेगळी भरपाई ते मागत होते, त्यावर काका स्वतः फोनवर बोलले. काय बोलले ते सांगत नाहीत, पण तक्रार झाली नाही.

बंद महिन्यात घरावर काम झालं. संडासापर्यंत चिऱ्याचा बंद बोळ बांधला, वर पत्रा. पुन्हा थोडं कर्ज. उष्ट्यासाठी कमरेएवढा खड्डा, रोज राख-चुना आणि वर दगडी झाकण. मासळी-कोंबडी आता बाजारातूनच साफ करून येते, आणि पोपटी शेंगा-अंड्यांवर आली. पाहुण्यांनी फार कुरकुर केली नाही. जमिनीवरच्या गाद्या काढून खाटा आणल्या, मच्छरदाण्या गादीखाली खोचायच्या. हे बिबट्यासाठी नव्हे, मण्यारीसाठी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच जास्त चावते. आणि कोकणात कौलारू घर म्हटलं की लाल विंचू धरूनच चालावं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्याआधी या विंचवानं कोकणात किती जीव घेतले ते जुन्या माणसांना विचारा. चपला झाडून घाला, ही सूचना आता दारावरच लावली आहे, शेजारी सर्पदंशाची लस मिळणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा रस्ता. बिबट्याच्या नादात या दोन गोष्टी घरात आजवर कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. खरं तर रानाकडेच्या घरात पाहुण्याला धोका असतो तो बहुतेक वेळा याच दोघांचा.

जाहिरात नव्यानं लिहिली. 'बिबट्या या रानात आहे. तो तुम्हाला दिसेल असं आम्ही सांगत नाही, आणि दिसावा म्हणून काही करत नाही.' मुलाला ही दोन वाक्यं लिहिताना जड गेलं. आदिवासीवाडीवरचा एक जण वाटाड्या म्हणून ठरला. त्याचे पैसे पाहुणे थेट त्याच्या हातात देतात. अभयारण्यात जायचं तर वनखात्याच्या नाक्यावर परवाना काढून, दिवसा.

परिणाम

काकांची खारीबद्दलची शंका अर्धी खरी ठरली. एप्रिल-मेमध्ये भरलेल्या रात्री आधीच्या निम्म्यावर आल्या. भाडं 3,500. 'बिबट्या नाही तर मग कशाला?' असं तोंडावर विचारणारे फोन अजून येतात.

पण जे आले ते वेगळे होते. एक रात्र राहून पळणाऱ्यांऐवजी दोन-तीन रात्री राहणारे. वाटाड्यानं वाडीच्या कडेच्याच एका ऐनावर शेकरूचं घरटं दाखवलं. शेकरू एकावर थांबत नाही, काटक्या-पानांचे फुटबॉलएवढे गोळे तीन-चार ठिकाणी बांधून ठेवतो. वापरात कुठला हे ओळखायला सवय लागते. सकाळी सात ते नऊ तो हमखास बाहेर असतो. मागचे पाय फांदीला रोवून, उलटा लोंबकळत, दोन्ही हातांनी फळ फिरवत खातो, आणि ती तांबूस, झुपकेदार शेपूट खाली लोंबत असते. बिबट्याचा व्हिडिओ दहा सेकंदांचा होता. इथं पाऊण तास बघत बसता येतं. पडवीतूनच हरियाल, तांबट, कधी स्वर्गीय नर्तक. राज्यप्राणी आणि राज्यपक्षी एकाच पडवीतून, हे मुलानं स्वतःहून जाहिरातीत घातलं. धंद्याची नजर गेलेली नाही.

पावसाळ्यापर्यंत आदिवासीवाडीवर पुन्हा शेळी गेली नाही. शेजारच्या गावात एक वासरू गेलं. त्याचा या घराशी संबंध होता की नव्हता हे सांगता येणार नाही. बिबट्या आहेच. एखाद्या रात्री वानरं खोकल्यासारखी ओरडतात, काका पाहुण्यांना सांगतात की तो खालून चालला आहे, आणि बोळाचं दार लावून घेतात.

वेगळं काय करता आलं असतं

कोंबडीवाल्याची पहिली गोणी हा सगळ्यात स्वस्तात थांबता येण्याजोगा टप्पा होता. उष्टं चुकून पडणं आणि ते मुद्दाम आणून टाकणं यांतली रेघ तिथं ओलांडली गेली, आणि घरातल्या तिघांनाही ते कळलं होतं. काकींनी एकदा विचारलं होतं, 'ही घाण फुकट का देतो तो?' तेव्हाच वनरक्षकाला बोलावून चहा पाजला असता तर प्रकरण इथवर आलं नसतं.

बंद बोळ संडासाबरोबरच बांधायला हवा होता. रानाच्या कडेला संडास घरापासून तोडून बांधायचा आणि पाहुण्यांना पडवीत अंधारात बसवायचं, या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत, बिबट्याला खायला घाला वा घालू नका.

पाहुण्यांच्या बाजूनंही एक गोष्ट आहे, आणि ती त्या कुटुंबाला दोष देण्यासाठी नाही. 'नक्की दिसेल ना?' या प्रश्नाला रानात राहणारा माणूस 'नव्वद टक्के' म्हणाला की पुढचा प्रश्न यायला हवा: कसं? बिबट्यासारखं जनावर ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येत असेल, तर त्याला तिथं कुणीतरी आणत असतं. पैसे भरण्याआधी विचारायला हे पुरेसं आहे. त्याबरोबर संडास कुठं, रात्री दिवा कुठवर, गाडी दारापर्यंत येते का, दवाखाना किती लांब. दिसणाऱ्या प्राण्यांची यादी यानंतर विचारावी.

गावानं पिंजऱ्याची मागणी करण्याआधी पिसांची गोष्ट वनखात्याला सांगायला हवी होती. पोलीस पाटलांना ती महिनाभर आधी माहीत होती. शेजाऱ्याचं वाईट दिसू नये म्हणून ते थांबले.

आजची स्थिती

घर चालू आहे, संडासाचा आणि बोळाचा हप्ता वेळेवर जातो, नव्या पोफळी गुडघ्याएवढ्या झाल्या आहेत. निवास व न्याहारी योजनेखाली नोंदणीसाठी कागद जमवणं चाललं आहे. सातबारा वडिलोपार्जित, त्यावर चुलत्यांचीही नावं, त्यामुळे संमतिपत्रांना वेळ लागतो आहे.

गावाच्या दुसऱ्या टोकाला दिवाळीनंतर आणखी एक घर भाड्यानं जायला लागलं. तिथल्या आंब्यालाही पिवळा दिवा लागल्याचं मुलानं पाहिलं आणि तो स्वतः जाऊन बोलून आला. उत्तर मिळालं, 'तुझं झालं ना कमवून?' त्यानंतर काकांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे: हद्दीलगतच्या कोणत्याही घरानं जनावराला खाणं घालू नये, आणि कोंबडीवाल्याच्या उरलेल्या मालाची विल्हेवाट ग्रामपंचायतीनं ठरवून द्यावी. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो आठवा विषय आहे. सहाव्या विषयानंतर सभा उठते असा गावाचा अनुभव असल्यानं, तो वर घ्यावा म्हणून काकी महिला मंडळाच्या सह्या गोळा करत आहेत.